तळ्याचं पाणी सोडलं तेव्हा

शेवंता गेल्यापासून मला गार पाणी सोसत नाही. सून सकाळी बादलीत हीटर लावून पाणी तापवते, हाक मारते, आणि मी बादलीत हात घालून तसाच बसून राहतो. पाणी पुन्हा निवतं. ती चिडत नाही, परत तापवते. जेवणाचंही तसंच. ताट पुढं येतं, ताटात काही कमी नसतं, दोन घास जातात आणि हात थांबतो. डॉक्टर म्हणतो, बाबा, खात जावा. त्याला काय सांगणार? नुसतं खाणं पुढं असून भागत नाही, हे मी फार पूर्वी, मिसरूड फुटायच्या वयात, एका चिखलाच्या तळ्यापाशी बघितलेलं आहे. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिणं माझं काम नव्हे. पण दिवस सरत नाही, आणि लिहायला बसलं की निदान हात तरी हलतो.

आमचं घर तलावाच्या बांधाखाली होतं. दोन खणांची मातीची खोली, वर पत्रा, पुढं पाचटाचा मांडव, आणि मांडवाला बाराही महिने टांगलेली जाळी. आम्ही भोई. तलावातली मासळी धरायची, आईनं ती पाटीत घालून ढोकीच्या बाजाराला न्यायची, उरलेली घरात. वारा तिकडचा असला की कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, येडशीकडून गाडीची शिट्टी यायची. पण आमच्या घराचा खरा आवाज म्हणजे अप्पांच्या गुऱ्हाळाचं इंजन. बांधापासून चार शेतं खाली त्यांचं गुऱ्हाळ होतं. थंडी सुरू झाली की ते इंजन फकफक सुरू व्हायचं आणि होळीपर्यंत थांबायचं नाही. रस उकळायला लागला की गोड वास आमच्या मांडवापर्यंत यायचा आणि आमच्या कालवणाचा वास त्यांच्याकडं जायचा. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, मासळीचं नाव तोंडानं घेणार नाहीत. आई म्हणायची, "त्यांचा वास आपल्याला फुकाट मिळतो, आपला त्यांना. फिटंफाट." सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी येसर मसाला घालून केलेलं मासळीचं लालभडक कालवण. आई काटेरी मासा दगडावर राख लावून घासायची. तो खसखस आवाज मला अजून झोपेत येतो.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, डोक्यात त्या वर्षी एक खूळ शिरलं होतं. तलावात सोडायला मासळीचं बी लागतं, ते लांबून, पावसाळ्यात, डब्यांतून यायचं. अर्धं वाटेत मरायचं. दादा म्हणाले, बी आपणच काढायचं. सायप्रिनस नावाचा मासा हिवाळ्यातही अंडी घालतो, त्याच्या जोड्या ठेवायच्या, अंडी उबवायची, पिलं बोटाएवढी करायची आणि सगळ्या भागाला पुरवायची. ओढ्याला लागून अप्पांचा एक पडीक तुकडा होता. दादा त्यांच्याकडं तो मागायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. अप्पा म्हणाले, "सोपाना, खड्डे खण. पर त्यात काय पाळतूस ते मला सांगू नगंस. म्या विचारलं न्हाय, तू सांगितलं न्हाय." आम्ही बापलेकांनी खोऱ्यानं खणून दोन तळी केली. एक वरचं, एक ओढ्याकडचं. दोन्ही दादांनी बांधाच्या पाटातून काठोकाठ भरून घेतली. भरल्यावर काठावर उभे राहिले आणि जसं काय सोन्याचा हंडा सापडला असं त्या पाण्याकडं बघत राहिले. आमच्या भागात पाणी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला ते कळेल.

आता त्या पाण्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मासळीचं पिलू अंड्यातून निघतं तेव्हा जिऱ्याएवढं असतं, म्हणून त्याला जिरे म्हणतात. पोटाखाली आईनं बांधून दिलेली पिवळी शिदोरी असते. ती संपली की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की त्याला पाण्यातले किडे लागतात. किडे म्हणजे अळ्या नव्हेत. डोळ्याला जेमतेम दिसणारे, पाण्यात उड्या मारणारे ठिपके. पाणी फडक्यातून गाळून पेल्यात धरलं आणि सूर्याकडं केलं की दिसतात. हे किडे आधी पाण्यात वाढवावे लागतात. त्यासाठी पाण्यात शेण आणि भिजवलेली शेंगदाण्याची पेंड टाकायची. पाणी हिरवट होतं, ते हिरवं खाऊन किडे होतात, किडे खाऊन पिलं वाढतात. मत्स्यखात्याच्या एका साहेबानं हे दादांना पावसाळ्यात शिकवलं होतं. त्यांनी पावसाळ्याचं सांगितलं, दादांनी ते बाराही महिन्यांचं धरलं. पेंड म्हशीच्या तोंडची काढून तळ्यात जाऊ लागली तेव्हा आई म्हणाली, "किड्यास्नी पेंड आन् म्हशीला चिपाड. उद्या दूधबी किड्यांचंच काढा."

आईचं म्हणणं वेगळं होतं. माझं लग्न वैशाखात झालेलं. शेवंता दिवाळीनंतर नांदायला आली, आणि आई म्हणत होती, आता नवराबायकोचा कोयता झाला, ह्यांना ऊसतोडीला पाठवा. कोयता म्हणजे जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. खालच्या अंगाला, लांबच्या एका कारखान्यावर आमच्याकडची टोळी गेली होती, त्यातली एक जोडी आजारी पडून परत आली आणि मुकादम नव्या जोडीच्या शोधात होता. तो आमच्या मांडवात चहा पिऊन गेला. दादा त्याला म्हणाले, "येळवस होऊ द्या. येळवशीनंतर सांगतो." येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्याकडं शेतात जेवायचा सण. तो गेल्यावर आईला म्हणाले, "जिरं जगलं तर पोरगा हितंच राहील, दोन तळ्यांना चार हात लागत्यात. मेलं तर दोघांस्नीबी घेऊन जा म्हणावं." ठरलं ते एवढंच. घरात सगळ्यांच्या देखत ठरलं. शेवंता चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही.

शेवंता त्या दिवसांत आमच्या घरात बोलतच नव्हती. नवी सून सासऱ्यापुढं बोलत नाही, ते ठीक. पण ती माझ्याशीही बोलत नसे. हो आणि न्हाय, एवढंच. आई म्हणायची, मुकी गाय बरी. तिला थंडी मात्र फार बाधायची. त्या वर्षी हिव असं पडलं होतं की सकाळी बांधावरच्या गवताला हात लावला तर बोटं दुखायची. तलावावर धुणं धुताना तिची बोटं फुटली, रक्त यायला लागलं. मग तिनं कुणाला न सांगता एक वाट शोधून काढली, त्याचं पुढं सांगतो.

मध्येच तीन-चार दिवस आभाळ आलं आणि थंडी मोडली. दादांनी मोका साधला. मासळीच्या जोड्या कापडाच्या चौकोनी पिशवीत, तिला हापा म्हणतात, तलावाच्या कडेला पाण्यात सोडल्या, वर पाणवनस्पती टाकली. सकाळी बघतो तर पाल्याला मोहरीसारखी अंडी चिकटलेली. दादा लहान पोरासारखे हसले. म्हणाले, "नाम्या, बघ बघ, लेकुरवाळी झाली." आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ निवळलं आणि पुन्हा तीच थंडी, आधीपेक्षा कडक. अंडी उबायला वेळ लागला, पण उबली. हाप्यात हात घातला की पाणी थरथरायचं, इतकं जिरं. पोटाखाली पिवळी शिदोरी घेऊन लटकत होतं. आणि तळ्यांत किडे नव्हते. फडक्यातून पाणी गाळून गाळून आमचे हात बधिर झाले. पेल्यात दोन ठिपके, कधी तीन, तेही सुस्त, जागचे न हलणारे.

दादांना वाटलं, खाणं कमी पडतंय. उपाशी माणसाला वाढायचं असतं, एवढंच त्यांना माहीत. पेंडीचं अख्खं टोपलं वरच्या तळ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी म्हणालो, "दादा, खाल्लेलं दिसत न्हाय, तळाला बसतंय." ते म्हणाले, "तुला लई कळतं." शिदोरी संपत आली तसं निम्मं जिरं त्यांनी त्या तळ्यात सोडलं. दुपारी जरा ऊन चढलं आणि तळाची पेंड फसफसायला लागली, बुडबुडे येऊ लागले, आणि नासक्या ताकासारखा वास. संध्याकाळपर्यंत जिरं वर आलं, पांढरं होऊन. वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा झालं, दुधावरच्या सायीसारखं. दादा काठावर उकिडवे बसले, बराच वेळ. आई आली, बघून परत फिरली. घरी जाऊन मुकादमाच्या चहाची कपबशी घासून फडताळात वर ठेवली. मुकादम परत येणार हे तिनं धरलं होतं, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा तरातरा बांधाकडं येताना दिसले. अप्पा कधी आमच्या मांडवात येत नसत. आत आले नाहीत, बाहेर उभे राहूनच बोलले.

"सोपाना! तुझी सून माझ्या हौदात धुणं धुती."

गुऱ्हाळाच्या चुलाणाला लागून एक दगडी हौद होता. रस उकळायची काहिल धुतलेलं गोड पाणी त्यात जायचं, गडी हातपाय धुवायचे, बैल पाणी प्यायचे. चुलाणाची भिंत त्या बाजूची, म्हणून पाणी कायम कोमट. शेवंतानं शोधलेली वाट ती. अंधारात, गडी उठायच्या आत, धुणं घेऊन तिकडं जायची.

दादा म्हणाले, "अप्पा, चुकलं. पोर नवी हाय."

"नवी हाय म्हणून काय? तुमच्या कपड्याला त्या धंद्याचा वास. गुळाला लागला तर आडतीत ढेपंला नाक लावून परत धाडतील मला. म्हणतील, अप्पा, गूळ केला का बोंबील वाळवलं? शिव शिव, तोंडात आलं बघ माझ्या."

"शेवंते!" दादा गरजले. ती धुण्याची बादली घेऊन मांडवाच्या कडेला उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. दादांनी तिच्या बादलीतलं वरचं धोतर ओढून काढलं, अप्पांना दाखवायला की बघा, आमचाच कपडा, आमचीच चूक. आणि ते धोतर हातात धरून तसेच उभे राहिले. अप्पा म्हणाले, "काय झालं? साप निघाला का?"

धोतरावर तांबूस ठिपके होते. ओल्या कापडावर हलत होते. दादांनी धोतर उन्हात धरलं, डोळे बारीक केले, मला हाक मारली, "नाम्या, पेला आण." धोतराचं टोक पेल्यात बुडवून हलवलं. पेल्यात नुसती खिचडी. किडेच किडे, एकावर एक, टुणटुण उड्या मारत.

अप्पांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "आता ह्याचं काय करतूस, आमटी?"

दादांना आता त्याच माणसाकडं मागायचं होतं, जो तक्रार घेऊन दारात उभा होता. आणि मागायचं कशासाठी, तर ज्याचं नाव काढायचं नाही त्यासाठी. दादा फार कमी लोकांपुढं वाकले आयुष्यात. त्या दिवशी त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "अप्पा, तुमच्या हौदातलं पाणी मला द्या. पोराचं जाणं-राहणं त्याच्यावर हाय."

अप्पा भस्माच्या कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "त्या कामासाठी म्या थेंब देणार न्हाय. माझ्या बापानं दिला नसता. पर तुझ्या सुनंनं हौद बाटवला. तो उपसून, घासून, धुऊन द्यायचा. आजच्या आज. उपसलेल्या घाणीचं तुमी काय करता ते मला सांगायचं न्हाय." आणि जाता जाता वळून, "येळवशीला जेवायला या सगळी. वास नसल्याली कापडं घालून."

चौघंही गेलो. दादांनी आपला फेटा उलगडला, तलम होता, लग्नातला, तो दोघांनी झोळीसारखा धरायचा आणि घागरीनं पाणी ओतायचं. खाली पाणी, झोळीत तांबडा गाळ. तो गाळ हौदाच्याच कोमट पाण्यात घागरींत भरला. गडी बघून हसत होते. एक म्हणाला, "भोयांनी आता किडं धरायला सुरुवात केली, पुढच्या साली मुंग्यांचं जाळं विणत्याल." आई त्याला म्हणाली, "तुझ्या डोस्क्यातलं आधी धरू का?" फार दिवसांनी आईचा आवाज तसा ऐकला.

पहिली घागर दादांनी ओढ्याकडच्या तळ्यात तशीच उपडी केली. कोमट पाणी त्या थंडगार पाण्यात पडलं, आणि किडे, ज्यांच्यासाठी एवढं केलं ते, कोंडा पडावा तसे खाली गेले. हलले नाहीत. दादा पुन्हा दुसरी घागर उचलायला लागले. माझ्या हातून धक्का लागला की त्यांच्या, कोण जाणे, एक रिकामी घागर तळ्यात गेली आणि बुडाली. शेवंता कासोटा घालून पाण्यात उतरली. घागर काढायला बुडी मारली, वर आली, ओठ काळेनिळे पडलेले, आणि तिथंच छातीभर पाण्यात उभी राहून ती बोलली. सासऱ्यापुढं. पहिल्यांदा.

"मामा, वरचं वीतभर पाणी कोमट हाय. खाली बर्फ हाय."

तिनं घागर काठाकडं ढकलली.

"हौदात गुडघाभरच पाणी. ऊन तळाला जातं. हितं ऊन जातंय कुठं? खाली कितीबी खायला घाला, गारठलेल्या जिवाला तोंड उघडायचं त्राण न्हाय. पाणी सोडा ह्यातलं."

"पाणी सोडू?" दादांचा आवाज असा आला की जणू तिनं घर पेटवायला सांगितलं. "उन्हाळ्यात भेगा पडत्यात ह्या मातीला. भरल्यालं पाणी सोडू म्या?"

आई म्हणाली, "सूनबाई, बाहेर ये. थंडी भरंल."

ती आली नाही. पाण्यातच उभी राहिली, दात वाजत होते. म्हणाली, "घागरी तळ्यात बुडवून ठेवा. आतलं पाणी हळूहळू गार होऊ द्या, मग सोडा. पर त्याच्या आधी हे सोडा."

दादांनी खोरं उचललं. किती वेळ ते खोरं हातात धरून उभे होते कोण जाणे. मी म्हणालो, मी करू का, तर म्हणाले, "व्हय बाजूला." मग ओढ्याच्या बाजूचा काठ त्यांनी स्वतः फोडला. पाणी आधी गढूळ, मग हिरवट, मोठ्यानं निघालं. दादा तोंड फिरवून उभे राहिले. अर्ध्याहून जास्त पाणी गेलं. गुडघाभर राहिलं तेव्हा काठ पुन्हा बुजवला. ओढ्यात जायच्या ऐवजी निम्मं पाणी अप्पांच्या हरभऱ्यात शिरलं होतं. अप्पा संध्याकाळी बांधावरून ओरडले, "सोपाना, माझ्या हरभऱ्याला काय पाजलंस रं? आता हरभऱ्यालाबी आंघोळ घालावी लागंल!" पण त्या वर्षी तो हरभरा कमरेएवढा झाला, आणि अप्पांनी त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

राहिलेल्या घागरी तळ्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवल्या. पाणी पाण्याला मिळतं झालं तसं किडे सोडले. ते खाली गेले नाहीत. फेर धरून फिरायला लागले. वाऱ्याच्या बाजूला आम्ही पाचटाचा कूड घातला. पेंड टाकायची ती शेवंता टाकायची, ओंजळभर, भिजवून, गाळून. दादा टोपलं उचलायला गेले की ती काही न बोलता नुसती टोपल्याकडं बघायची. दुपारी ऊन तळाला लागायचं, तळ्यातला गाळ पायाला उबदार लागायचा. दिवस गेले तसे पेल्यात ठिपके वाढले. मोठे दिसायचे, मग त्यांची पिलं दिसायची, मग मोजण्यापलीकडं. उरलेलं निम्मं जिरं हाप्यात शिदोरी संपून कडेला टेकायला लागलं होतं. त्यातलंही बरंच मेलं. जे हलत होतं ते त्या गुडघाभर पाण्यात सोडलं.

येळवशीच्या दिवशी गुऱ्हाळाचं इंजन बंद. इतके दिवस ते कानात असल्यानं त्या शांततेनं डोकं दुखायला लागलं. सगळा मुलूख शेतात. आम्हीही अप्पांच्या शेतात गेलो, धुतलेली कापडं घालून. ज्वारीच्या ताटांची कोप केलेली, पुढं पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबिलाचा माठ, बेसन लावलेली सतरा भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. अप्पांनी स्वतः वाढलं. आम्हाला कोपीच्या बाहेरच्या अंगाला वाढलं, हेही लिहितो, कारण तसं होतं. दादा जेवायला आले नाहीत. तळ्यापाशी बसून होते. आईनं पळसाच्या पानात भज्जी बांधून नेली. ते म्हणाले, ठेव. संध्याकाळी बघितलं तर मुंग्यांनी धरली होती.

हे दादांचं तेव्हाचं बसणं मला आता कळतं. तेव्हा मी चिडलो होतो, की एवढं चांगलं जेवण आणि हा माणूस चिखलात बसलाय. आता माझी सून तेच म्हणत असेल.

येळवशीनंतर मुकादम आला. ट्रॅक्टर घेऊनच आला, तो लांब बांधावर उभा केला, ट्रॉलीत मागं बाडबिस्तरा, एक म्हातारी, दोन पोरं. म्हणाला, "चला, कोयता कुठं हाय?" दादा त्याला तळ्याकडं घेऊन गेले. आम्ही मागं. मुकादमानं पाण्यात बघितलं. म्हणाला, "कुठं हाय मासळी? गाळ दिसतोय नुसता." दादांनी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनच्या, पांढऱ्या थाळीत पाणी घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. थाळीत सुईच्या टोकाएवढे डोळे असलेली, पारदर्शक, पोट भरून तांबूस झालेली पिलं इकडून तिकडं पळत होती. एकाच्या तोंडात किडा होता, आणि तो अजून हलत होता.

"बस एवढंच?" मुकादम म्हणाला.

"एवढंच," दादा म्हणाले. "पर जितं हाय. कोयता न्हाय आमचा, दुसरा बघा."

मुकादमानं ट्रॅक्टर वळवला. आई घरात गेली, भाकरीला पीठ काढायला. दादा तिथंच कुडाला पाठ लावून बसले आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली, तोंड उघडं ठेवून. किती दिवसांची झोप होती. एका तळ्यातलं निम्मं जिरं, त्यातलंही थोडंसं. पुढं त्यातून फार मोठं काही झालं असं नाही. आम्ही त्या पाण्यावर जगलो, एवढं झालं. मुलं झाली, शिकली, आता धाकटा पेंड विकत आणतो आणि पाण्यात काचेची नळी बुडवून ऊब बघतो.

मी आणि शेवंता काठावर उभे होतो. ट्रॅक्टर बांधावरून जाताना दिसत होता. ट्रॉलीतल्या म्हातारीनं हात वर केला, कुणाला केला मला कळलं नाही. शेवंतानं हात वर केला नाही. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली आणि मग माझ्याशी बोलली, हो आणि न्हाय सोडून पहिल्यांदा.

"ती माझी आज्जी. आई-बा त्याच टोळीत हायती."

आमच्या घरात कुणी हे विचारलंच नव्हतं. मुकादम कुठल्या गावचा, टोळीत कोण कोण, कुणीच नाही. दादा ज्याला शिक्षा म्हणत होते, आई ज्याला सोय म्हणत होती, तिला ते माहेर होतं. जिरं मेलं असतं तर ती त्या ट्रॉलीत आज्जीच्या मांडीला टेकून बसून गेली असती.

"मग पाणी सोडा म्हणून कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं पदरानं नाक पुसलं. थंडीनं असेल. म्हणाली, "मरत व्हती की वं ती. बघवत न्हाय."

मग खाली वाकून तिनं पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि पेंड भिजवायला घराकडं गेली.